बंद पडणे आणि बंद पाडणे

‘अपडेट मारला आणि फोन बंद पडायला लागला.’ मोबाइल दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात तासभर बसले, तर हे वाक्य या ना त्या रूपात कानावर पडते. कधी फोन ‘हँग होतो’, कधी ‘स्लो झाला’, कधी बँकेचे अ‍ॅप ‘उघडतं आणि लगेच जातं’. प्रस्तुत लेख या वाक्याविषयी आहे, आणि ज्या लेखनामुळे हे वाक्य असे घडते त्या लेखनाविषयी आहे.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही आणि साहित्याचाही नाही. दोन्ही विषय लागतील तसे, मिळतील ती पुस्तके आणि कागदपत्रे वाचून शिकलो. गेली काही वर्षे मी फोनच्या अपडेटसोबत येणारी टिपणे, कंपन्यांची निवेदने आणि निरनिराळ्या देशांतल्या नियामक संस्थांचे निर्णय जमवून एकापुढे एक लावून वाचतो आहे. या गद्याकडे कोणी गद्य म्हणून पाहत नाही. पण ते कोट्यवधी लोकांच्या हातात पोचते, त्यांच्याकडून होकार घेते आणि त्या होकारावर त्यांच्या मालकीच्या वस्तूत बदल करते. जे लेखन एवढे काम करते, त्याची समीक्षा व्हायला हवी असे मला वाटते.

आधी आपल्या वाक्याकडे पाहू. त्यात दोन क्रिया आहेत. पहिलीचा कर्ता उघड नसला तरी स्पष्ट आहे: अपडेट ‘मी’ मारला. दुसरीत फोन ‘पडला’. मराठीत क्रियापदांच्या काही फार उपयोगी जोड्या आहेत: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, गळणे-गाळणे, पडणे-पाडणे. जोडीतले पहिले रूप अकर्मक. काच फुटली म्हटले की ती कोणी फोडली, हा प्रश्न मिटतो, किंवा निदान लांबणीवर पडतो. दुसरे रूप वापरले की लगेच कोणीतरी विचारतो, ‘कोणी?’ लहान मुलांना हा फरक व्याकरण शिकण्याआधीच कळतो. घरात बरणी नेहमी ‘फुटते’.

फोनच्या बाबतीत आपण सगळेच त्या मुलासारखे बोलतो. फरक इतकाच की इथे बरणी आपण फोडलेली नसते. अपडेट घेण्याची जबाबदारी आपण आपल्या अंगावर घेतो आणि बिघाडाची कोणाच्याच नाही. दुकानदारही मग त्याच व्याकरणाने विचारतो, ‘अपडेट कशाला मारलात?’ अशा रीतीने एका वाक्यात आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार एकच माणूस होतो. हे केवळ बोलण्याच्या सवयीमुळे होत नाही. समोर आलेल्या मजकुराने दुसऱ्या कर्त्याची जागाच ठेवलेली नसते, म्हणून होते.

फोनच्या आत काय होते

कर्ता शोधायचा तर आधी कृती नीट कळायला हवी, नाहीतर समीक्षा संशयावर उभी राहते. मोठ्या अपडेटनंतर फोन मंदावण्याची कारणे एक नाहीत, चार आहेत, आणि त्यांचे नैतिक वजनही सारखे नाही.

पहिले कारण तात्पुरते असते. नवी प्रणाली बसली की फोन आतल्या आत बरीच आवराआवर करतो. फोटोंची आणि फाइलींची नवी सूची बनवतो. अँड्रॉइड फोन बसवलेली अ‍ॅप नव्या प्रणालीसाठी पुन्हा तयार करून घेतात. एखाददुसरा दिवस फोन गरम लागतो, चार्जिंग लवकर उतरते. नंतर ते थांबते.

दुसरे कारण जागेचे. नव्या प्रणालीला स्वतःलाच जास्त रॅम लागते, आणि रॅम तर खरेदीच्या दिवशी होती तेवढीच असते. मग फोन मागे उघडी असलेली अ‍ॅप काढून टाकतो. आपण संदेश वाचायला बाहेर पडतो, परत येतो, तो अर्धा भरलेला फॉर्म गेलेला असतो. १ जीबी रॅमच्या, २०१२ मधल्या नेक्सस ७ या गूगलच्या टॅबलेटवर २०१४ च्या अखेरीस अँड्रॉइड ५ आले तेव्हा चांगली चालणारी वस्तू रखडू लागल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच हे नियमाच्या रूपात मांडले होते: यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात, त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर संथ होत जाते. त्यांचा रोख कोणा एका कंपनीवर नव्हता. लठ्ठपणाची चटक लागलेल्या एका व्यवसायावर होता.

तिसरे कारण अ‍ॅप आणि प्रणाली यांच्यातला बेबनाव. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ ने ३२-बिटची जुनी अ‍ॅप चालवणे पूर्णपणे थांबवले. ज्यांच्या कर्त्यांनी ती नव्याने लिहिली नव्हती, ती अ‍ॅप फोनवर दिसत राहिली, पण उघडेनात.

चौथे कारण बॅटरी, आणि सर्वांत मोठा वाद तिच्यावरच झाला. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. फोनचा प्रोसेसर एखाद्या क्षणी एकदम जास्त वीज मागतो, तेव्हा अशा बॅटरीचा दाब खाली येतो. थंडी असेल किंवा चार्जिंग कमी असेल, तर तो आणखी खाली येतो. ठरावीक पातळीखाली गेला की फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. पडद्यावर तीस टक्के चार्जिंग दिसत असताना फोन काळा पडतो, त्याचे कारण बहुधा हे असते. यावर दोन उपाय आहेत: बॅटरी बदलणे, किंवा प्रोसेसरला कमी वीज मागायला लावणे, म्हणजे त्याचा वेग उतरवणे.

पहिल्या तीन कारणांत फोन मंदावतो. चौथ्यातल्या दुसऱ्या उपायात तो कोणीतरी मंद केलेला असतो. आपली क्रियापदांची जोडी इथे उपयोगी पडते.

संशयाची दहा वर्षे

नवे मॉडेल विकायचे म्हणून कंपन्या जुना फोन मुद्दाम मंद करतात, हा समज २०१७ च्या आधीपासूनचा आहे. अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लैनाथन यांनी जुलै २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका लेखात त्याची तपासणी मांडली होती. हार्वर्डमधल्या एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने गूगलवर ‘आयफोन स्लो’ हे शब्द लोक कधी शोधतात, याची आकडेवारी काढली होती. नवा आयफोन बाजारात आला की हा शोध दर वेळी उसळत होता. सॅमसंगच्या गॅलक्सी फोनांबाबत तशी उसळी दिसत नव्हती. मुल्लैनाथन यांचा संयम मला आजही अनुकरणीय वाटतो. एवढी बोलकी आलेख-रेषा हातात असूनही तिने हेतू सिद्ध होत नाही, असे त्यांनी बजावले. नव्या आयफोनबरोबर नवी प्रणालीही येते आणि ती बहुतेक सगळ्या जुन्या फोनांवर एकदमच बसते. अँड्रॉइडमध्ये तसे होत नाही. उसळीचा उलगडा तेवढ्यानेही होऊ शकतो.

म्हणजे २०१४ पर्यंत आपल्याजवळ घटना होती आणि संशय होता. कर्ता नव्हता.

२०१७ : एका गाळलेल्या वाक्याची कथा

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१६ मध्ये आयफोन ६एस अचानक बंद पडत असल्याच्या तक्रारी वाढल्या. अ‍ॅपलने नोव्हेंबरमध्ये काही फोनांच्या बॅटऱ्या मोफत बदलून देण्याची योजना जाहीर केली. नंतर २३ जानेवारी २०१७ रोजी आयओएस १०.२.१ हा अपडेट आला. त्याच्यासोबतचे टिपण नेहमीचे होते: दोष दूर केले आहेत, सुरक्षा वाढवली आहे. महिनाभराने कंपनीने पत्रकारांना आकडे दिले. अचानक बंद पडण्याचे प्रमाण आयफोन ६एसवर ८० टक्क्यांहून अधिक आणि आयफोन ६ वर ७० टक्क्यांहून अधिक घटल्याचे सांगितले. पुढे टिपणातही, कामाचा ताण वाढतो तेव्हा विजेचे व्यवस्थापन सुधारले आहे, अशा अर्थाची भर पडली.

इथे थोडे थांबून वाचायला हवे. या मजकुरातला एकही शब्द खोटा नाही. फोन बंद पडणे खरोखर कमी झाले होते. विजेचे व्यवस्थापन खरोखर बदलले होते. पण हे कशाने साधले, ते सांगणारे वाक्य गाळले होते: आम्ही जुन्या बॅटरीच्या फोनचा प्रोसेसर गरजेप्रमाणे मंद करतो. ‘सुधारणा’ हा शब्द त्या गाळलेल्या वाक्याच्या जागी बसला होता. काव्यशास्त्रात अध्याहृत शब्द वाचकाने स्वतः पुरवायचा असतो, आणि त्यासाठी लागणारा संदर्भ कवी ठेवून जातो. इथे संदर्भच ठेवलेला नव्हता, त्यामुळे वाचकाला काही पुरवता येण्याची सोय नव्हती. या प्रकाराला अध्याहार म्हणता येत नाही. याला गाळणे म्हणावे लागते.

गाळलेले वाक्य वाचकांनीच शोधले. डिसेंबर २०१७ मध्ये एका सामान्य ग्राहकाने आपल्या आयफोन ६एसची बॅटरी बदलली, बदलण्याआधी आणि नंतर वेग मोजला, आणि नव्या बॅटरीने फोन कितीतरी जलद झाल्याचे आकडे लोकांपुढे ठेवले. फोनचा वेग मोजणारे ‘गीकबेंच’ हे साधन बनवणारे जॉन पूल यांच्याकडे अशा हजारो मोजण्या साठलेल्या होत्या. त्यांनी १८ डिसेंबरला त्यांचे आलेख प्रसिद्ध केले. एकाच मॉडेलचे फोन साधारण एकाच वेगाने चालायला हवेत, म्हणजे आलेखात एकच उंच शिखर दिसायला हवे. १०.२ या आवृत्तीपर्यंत ते तसे दिसत होते. १०.२.१ नंतर शिखराशेजारी कमी वेगाची आणखी काही शिखरे उगवली होती. बॅटरी झिजल्याने आपोआप मंदावणारे फोन असे ठरावीक पायऱ्यांवर येऊन थांबत नाहीत. पायऱ्या कोणीतरी बांधलेल्या असतात.

दोनच दिवसांनी, २० डिसेंबरला, अ‍ॅपलने हे मान्य केले आणि २८ डिसेंबरला ग्राहकांना उद्देशून पत्र काढले. हे पत्र या साहित्यप्रकारातली महत्त्वाची संहिता आहे. त्यात बॅटरी कशी म्हातारी होते, याचे सोपे आणि अचूक विवेचन आहे. ग्राहकाला नवा फोन घ्यायला लावण्यासाठी आम्ही फोनचे आयुष्य मुद्दाम कधी कमी केले नाही आणि करणारही नाही, असा ठाम नकार आहे. वॉरंटी संपलेल्या फोनची बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणल्याची घोषणा आहे. आणि माफीही आहे. मात्र माफीच्या आधीचे वाक्य पाहावे: तुमच्यापैकी काहींना आम्ही निराश केल्यासारखे वाटते आहे, हे आम्ही जाणतो. म्हणजे माफी वाटण्याबद्दल आहे. न सांगण्याबद्दल तिथे सरळ विधान नाही. पत्रात बॅटरी कर्ता आहे, काळ कर्ता आहे, ग्राहकाच्या भावनाही कर्त्याच्या जागी आहेत. ‘आम्ही सांगितले नाही’ एवढे तीन शब्दांचे कर्तरी वाक्य तेवढे नाही.

कंपनीच्या बाजूने जे म्हणता येते तेही म्हटले पाहिजे. रस्त्यात अडचणीच्या वेळी फोन काळा पडण्यापेक्षा तो थोडा संथ चालणे बरे, हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या समंजस होता. अनेक ग्राहकांनी विचारल्यावर तोच पर्याय निवडला असता. मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची स्थिती दाखवण्याची आणि हे मंद करणे बंद ठेवण्याची सोय आली. आजही ती आहे आणि कोणी तिच्याविरुद्ध तक्रार करत नाही. तंत्र जवळपास तेच. मधल्या काळात बदलले ते लेखन.

नियामकांचे वाचन

यानंतर जे खटले आणि चौकश्या झाल्या, त्यांचे निर्णय मी कायद्याचा विद्यार्थी म्हणून वाचले नाहीत. मला त्यांत मजकुराचे चांगले वाचक भेटले.

इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. सॅमसंगचे प्रकरण आपल्याकडे फारसे चर्चिले गेले नाही, पण ते या लेखाच्या विषयाला अधिक जवळचे आहे. २०१४ च्या गॅलक्सी नोट ४ च्या मालकांना २०१६ मध्ये अँड्रॉइडची ‘मार्शमेलो’ आवृत्ती बसवण्याचा सतत आग्रह केला गेला. ती आवृत्ती नोट ७ या नव्या मॉडेलसाठी घडवलेली होती. जुन्या यंत्रावर तिचा ताण पडेल आणि गंभीर बिघाड होऊ शकतात, हे सांगितले नाही. आणि वॉरंटी संपलेल्यांकडून दुरुस्तीचे भरमसाट पैसे मागितले, असा प्राधिकरणाचा निष्कर्ष होता. दोन्ही कंपन्यांबाबत त्याने आणखी एक गोष्ट टिपली: अपडेट घेतल्यानंतर पूर्वीच्या स्थितीला परत जाण्याचा परिणामकारक मार्ग ग्राहकाला दिलेला नव्हता. पडद्यावर ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ हे दोन पर्याय असतात. ‘नको’ नसतो, आणि ‘परत’ तर नसतोच. होकाराचे हे व्याकरण इटलीच्या प्राधिकरणाने नेमके वाचले.

फ्रान्समध्ये वस्तूचे आयुष्य मुद्दाम कमी करणे हा २०१५ पासून गुन्हा आहे. दोन वर्षांचा तुरुंगवास आणि तीन लाख युरो दंड अशी त्याची मूळ शिक्षा. या विषयावर काम करणाऱ्या ‘हॉप’ या संस्थेने डिसेंबर २०१७ च्या अखेरीस अ‍ॅपलविरुद्ध तक्रार केली, आणि जानेवारी २०१८ मध्ये पॅरिसच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, प्रकरण अडीच कोटी युरोंच्या दंडावर मिटले. दंड कशाबद्दल होता, हे इथे महत्त्वाचे. फोन मुद्दाम निकामी केला, असे त्यात ठरले नाही. ‘माहिती गाळून केलेली दिशाभूल’ असा ठपका आला, आणि कंपनीने आपल्या फ्रेंच संकेतस्थळावर त्याचे निवेदन महिनाभर लावावे, असे ठरले. हेतूचा प्रश्न २०१४ मध्ये मुल्लैनाथन यांनी जिथे सोडला होता, तिथेच राहिला. शिक्षा गाळलेल्या वाक्याला झाली. आणि शिक्षेचा एक भाग पुन्हा लेखनाचाच होता: जे लिहिले नव्हते ते आता लिहा.

अमेरिकेत अ‍ॅपलने चूक मान्य न करता तडजोड केली. ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंत देण्याचे २०२० मध्ये ठरले, आणि त्याच वर्षी अनेक राज्यांना मिळून ११.३ कोटी डॉलर देण्याचेही. रकमा मोठ्या वाटतात. पण ज्यांनी मधल्या काळात मंदावलेला फोन टाकून नवा घेतला, त्यांना नेमके काय हुकले होते ते रकमेत मोजता येत नाही. २९ डॉलरच्या बॅटरीने काम भागले असते, हे त्यांना निर्णय घेताना ठाऊक नव्हते.

‘दुर्दैवाने’

अ‍ॅप कोसळते तेव्हाचा मजकूर वेगळा अभ्यास मागतो. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत अ‍ॅप मध्येच गेले की पडद्यावर एक इंग्रजी वाक्य येई. त्याची सुरुवात ‘अनफॉर्च्युनेटली’ या शब्दाने होई. म्हणजे, दुर्दैवाने अमुक अ‍ॅप थांबले आहे. यंत्राच्या तोंडी दैव घालणारे हे वाक्य मला फार काळ चकित करत आले. नव्या आवृत्त्यांतून ‘दुर्दैवाने’ गेले. अमुक अ‍ॅप थांबले, किंवा वारंवार थांबत आहे, एवढेच उरले. दैव गेले आणि त्याच्या जागी कोणीच आले नाही. शिवाय त्या वाक्यात नाव असते ते फक्त कोसळलेल्याचे.

मार्च २०२१ मधला प्रसंग याचा चांगला दाखला आहे. २२-२३ मार्चला जगभर अँड्रॉइड फोनांवर जीमेलसह अनेक अ‍ॅप उघडताच बंद होऊ लागली. लोक ज्या त्या अ‍ॅपला दोष देत होते, कारण पडद्यावर नाव त्याचेच येत होते. खरे कारण त्या सगळ्यांच्या खाली होते. अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवण्याचे काम ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ नावाचा गूगलचा एक घटक करतो. त्याच्या सदोष अपडेटमुळे, त्याच्यावर विसंबलेली अ‍ॅप कोसळत होती. गूगलने लवकरच दुरुस्त आवृत्ती दिली. पण तोवर उपाय असा सांगितला जात होता की वेबव्ह्यूचा अपडेट काढून टाका. बहुतेकांनी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. अ‍ॅप ‘बंद पडत’ होती असे सगळे म्हणत होते. ती बंद पाडणारा घटक पडद्यावर कुठेच नव्हता.

भारतातले एक उदाहरण याच्या उलट जाते. २०२० संपता संपता शाओमीच्या एमआय ए३ या फोनवर अँड्रॉइड ११ चा अपडेट आला आणि कित्येक फोन पुन्हा सुरूच होईनात. कंपनीने अपडेट थांबवला आणि वॉरंटी असो वा नसो, फोन मोफत दुरुस्त करून देण्याचे जाहीर केले. इथे नुकसान मंदावण्यापेक्षा कितीतरी मोठे होते. पण कोणाच्या कृतीने झाले याबद्दल वाद उरला नाही, म्हणून भरपाईबद्दलही फार वाद उरला नाही.

फोन परत करणाऱ्या सेविका

आतापर्यंतची उदाहरणे स्वतःच्या पैशाने फोन घेणाऱ्यांची होती. ज्यांना फोन कामासाठी दिला जातो, ज्यांच्या कामाची नोंद आणि मानधन त्यावर टांगलेले असते, त्यांच्यासाठी मंद फोनचा अर्थ वेगळा होतो. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांचे २०२१ चे आंदोलन मी या दृष्टीने वाचतो.

पोषण अभियानाच्या नोंदींसाठी राज्यातल्या सेविकांना २०१९ मध्ये सरकारी स्मार्टफोन मिळाले. त्यांत २ जीबी रॅम होती. तेव्हाचे अ‍ॅप त्यावर कसेबसे चालत होते. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आणले आणि नोंदी त्यातच करण्याची सक्ती झाली. काटेकोरपणे पाहिले तर हा प्रणालीचा अपडेट नव्हे. पण वर सांगितलेले दुसरे कारण इथे जसेच्या तसे लागू होते. फोन तोच, रॅम तीच, वरचे ओझे नवे. फोन तापत, हँग होत, त्यात जागा पुरत नसे. वॉरंटी संपलेली होती आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याच गळ्यात पडतो, अशी सेविकांची तक्रार होती. भरीला अ‍ॅप इंग्रजीत.

ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी कर्मचारी कृती समितीच्या हाकेवर राज्यभरातल्या सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मागणी साधी होती: चालेल असा फोन द्या आणि वाचता येईल असे मराठी अ‍ॅप द्या. या कृतीकडे मी एका वाक्याची दुरुस्ती म्हणून पाहतो. फोन ‘बंद पडतो’ असे सेविका एकेकट्या म्हणत होत्या, तोवर दोष त्यांच्या वापरण्याकडे वळवता येत होता: नीट चार्ज करत नाही, नको ते भरून ठेवता, शिकून घेत नाही. फोन टेबलावर परत ठेवल्याबरोबर वाक्याला कर्ता मिळाला. ज्याने फोन निवडला आणि ज्याने अ‍ॅप निवडले, त्याला उत्तर द्यावे लागणार होते. ‘फोन घेणार नाही’ या वाक्यात, अपडेटच्या पडद्यावर नसलेला तो ‘नको’ होता.

चांगले टिपण कसे असेल

यावर कोणी म्हणेल, मग अपडेट घेऊच नये. तसे म्हणता येत नाही. अपडेटमध्येच सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, आणि ज्या फोनवर आपला पैसा आणि ओळखपत्रे असतात त्याला त्या हव्यातच. शिवाय बँकांची आणि निरोपांची अ‍ॅप काही काळाने जुन्या आवृत्त्यांचा आधार काढून घेतात. अडचण नेमकी इथे आहे. आवश्यक दुरुस्ती आणि अनावश्यक वजन एकाच पुडक्यात येते, आणि पुडक्यावर ‘सुधारणा’ एवढेच लिहिलेले असते.

अलीकडे काही हालचाली दिसतात. युरोपीय संघाचे स्मार्टफोनविषयीचे नवे नियम २० जून २०२५ पासून लागू झाले. त्यांनुसार बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरल्यावरही तिच्यात मूळच्या किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. आणि लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, अपडेटमुळे फोनचे जाहीर केलेले गुण खालावणार असतील, तर वापरणाऱ्याची आधी स्पष्ट संमती घ्यावी लागते; त्याने नकार दिला म्हणून फोनच्या कामात बदल होता कामा नये. कायद्याने ‘नको’ची जागा आखून दिली आहे. गूगलने जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए या जुन्या फोनसाठी आणलेल्या अपडेटने काही फोनांच्या बॅटरीची क्षमता घटवली; पण या वेळी ते आधी जाहीर केले होते आणि सोबत भरपाईचे पर्याय दिले होते. मात्र अपडेट आपोआप बसत होता. म्हणजे वाक्य आले, नकाराची जागा अजून आली नाही. त्याच महिन्यात, आयओएस १८ नंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारींवरून भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅपलला नोटीस दिल्याचे केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केले. आपल्याकडे हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवरून प्राधिकरणाच्या टेबलावर गेला, एवढी नोंद करायला हवी.

समीक्षकाने केवळ दोष दाखवू नयेत, म्हणून २०१७ च्या त्या अपडेटसोबत जे टिपण यायला हवे होते, ते मी मराठीत लिहून पाहिले:

‘तुमच्या फोनची बॅटरी जुनी झाली असेल, तर या अपडेटनंतर आम्ही गरज पडेल तेव्हा फोनचा वेग कमी करू. तसे न केल्यास फोन अचानक बंद पडू शकतो. नवी बॅटरी बसवली की वेग पूर्ववत होईल. तुम्हाला हे नको असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येईल. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी दिली आहे. ती सर्वांनी घ्यावी.’

मराठीत ही सहा वाक्ये आहेत. त्यांतली माहिती लिहिणाऱ्यांजवळ पहिल्या दिवसापासून होती. ती छापली असती, तर कोणाला बॅटरी बदलायची आणि कोणाला नवा फोन घ्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवले असते. आणि दुकानात आलेला माणूस म्हणाला असता, ‘अपडेटनं फोन मंद केलाय, बॅटरी बदलून द्या.’